भाकरी तोलणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडमना जेवायला बोलावणं सोपं नव्हतं. ताटात पहिली भाकरी पडली की त्या ती उचलायच्या, पिशवीतून हातरुमालात गुंडाळलेला वजनकाटा काढायच्या, भाकरी त्यावर ठेवायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा मोठ्यानं वाचायच्या. "एकशे बेचाळीस." मग तो वहीत लिहायच्या आणि भाकरी परत ताटात. घरची बाई चुलीपुढून हे बघत बसायची आणि तिला कळेना, आपली भाकरी पास झाली की नापास. वजन झालं की मॅडम जेवायच्या मात्र दणकून, आणि ठेचा मागून मागून घ्यायच्या. ठेचा त्या तोलत नसत. त्याचा हिशेब डोळ्यांतल्या पाण्यानंच होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मॅडम लहान मुलांच्या डॉक्टर. मुलांच्या आणि वयात आलेल्या पोरापोरींच्या मधुमेहावर त्यांचं संशोधन चालू होतं आणि त्या संशोधनातली मी एक पोरगी. अकराव्या वर्षी मला शुगर निघाली. म्हाताऱ्या माणसांना होते ती नव्हे, लेकरांची वेगळी असते. शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं, मग ते रोज चार वेळा सुईनं द्यायचं, जन्मभर. आमच्या घरी हे कुणाला माहीत असणार? मी आठ-दहा दिवस तांबेच्या तांबे पाणी पीत होते, वाळत चालले होते, आणि एका सकाळी उठलेच नाही. बाबांनी मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. मी वाचले, चार दिवसांत हिंडूफिरू लागले. बाबा मात्र त्या सकाळमधून पुढं बाहेर आलेच नाहीत. मला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला, तरी ते रस्त्यावर येऊन उभे राहायचे.

दवाखान्यातून निघताना आम्हाला एक छापील तक्ता मिळाला होता. काय खाल्लं तर किती इन्सुलिन घ्यायचं, याचा. त्यात एक सफरचंद होतं, ब्रेडचे दोन तुकडे होते, एक वाटी ओट होते. महिनाभरानं मॅडम आमच्या गावात आल्या. संग्रामपूरपासून आत, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. त्यांनी भिंतीवरचा तो तक्ता वाचला आणि आईला विचारलं, "ह्या घरात ब्रेड कोण खाते?"

आई म्हणाली, ताप आलेला माणूस.

मॅडमनी तक्ता खिळ्यावरून काढला, घडी करून पिशवीत टाकला आणि आईला म्हणाल्या, भाकरी थापा. त्या दिवशी आमच्या घरातल्या सहा भाकरी तोलल्या गेल्या. आईची, काकूची आणि माझी. माझी सगळ्यात लहान आणि एका बाजूनं जाड निघाली. आई दोन दिवस फुगून बसली होती, कारण काकूची भाकरी हातावर घेऊन मॅडम "वा" म्हणाल्या होत्या आणि आईच्या भाकरीला नुसता आकडा मिळाला होता.

त्यांचं सगळं संशोधन हेच होतं. ज्वारीची भाकरी, पातोड्या, फुणके, आंबील, कचोरी, रोडगे, असं आमच्या जिल्ह्यातली मुलं खरोखर जे खातात ते तोलायचं, ते खाल्ल्यावर मुलांची शुगर किती चढते ते दर अर्ध्या तासानं बोट टोचून मोजायचं, आणि आमचा आमचा तक्ता करायचा. त्यासाठी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही मुलं खामगावला जमायचो. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं ऑफिस कुणीतरी मॅडमना वापरायला दिलं होतं. भिंतीला अजून सरकीचा वास होता. आम्ही नऊ जण होतो. माझी मैत्रीण रुबिना वडनेर भोलजीहून यायची, तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. ती माझ्याहून वर्षानं मोठी, आणि सुई घेताना हिंदी गाणं म्हणायची, म्हणजे दुखलं की सूर वर जायचा.

मॅडमचा आवाज हा वेगळाच विषय आहे. त्या मूळच्या अमडापूरच्या. शिकल्या लांब, नोकरी मोठ्या दवाखान्यांत केली, तरी बोलणं तसूभर बदललं नाही. एकदा त्यांचं काम पाहायला पुण्याहून दोन डॉक्टर आले होते, तेव्हाही त्या त्यांना "तुमाले काऊन घाई हाय, बसा नं," असंच म्हणाल्या. गावात त्यांची स्कूटर शिरली की त्या उतरायच्या आधीच रस्त्यावरून ओरडायच्या, "सुई टोचली का वं?" आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पोरीला सुया लागतात हे लोकांना कळलं तर उद्या तिच्या लग्नाचं काय, म्हणून आईनं ते शेजारणीलाही सांगितलं नव्हतं. मॅडमनी ते तिसऱ्याच फेरीत पाराजवळच्या किराणा दुकानापर्यंत पोचवलं. आई रडली. मॅडम तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, लोकाईले माहीत असलं तं पोरगी रस्त्यात चक्कर येऊन पडल्यावर तिच्या तोंडात साखर टाकतीन, नाई तं कांदा हुंगवत बसतीन. आईला हे पटायला वर्ष लागलं. पण पुढं आमच्या किराणावाल्यानं माझ्यासाठी काउंटरवर कायम एक साखरेची पुडी ठेवली, ती आजही तिथं आहे.

त्यांची दोन वाक्यं आम्हा सगळ्यांना पाठ होती. एक, जीभ खोटं बोलते, काटा बोलत नाई. दुसरं, आकडा वाईट नसते, आकडा फक्त आकडा असते. दुसऱ्या वाक्याला जोडून त्यांची एक रीत होती, आणि तशी रीत मी पुढं कुठल्याच दवाखान्यात पाहिली नाही.

आम्हा प्रत्येकाकडे एक वही होती. रोज चार वेळा शुगर मोजायची आणि वहीत लिहायची. आता पोरांची शुगर म्हणजे कधी ऐंशी तर कधी साडेतीनशे. मोठा आकडा आला की घरात बोलणी बसतात, काय खाल्लंस, कुठं खाल्लंस. म्हणून सगळीच मुलं वहीत थोडी थोडी चोरी करतात. शुगर मोजायच्या यंत्राच्या पोटात खरे आकडे साठलेले असतात, एक बटण दाबलं की चोरी उघडी. पण मॅडम ते बटण आमच्या नकळत कधी दाबत नसत. लेकराच्या मागं यंत्राले त्याच्या चुगल्या विचारायच्या नाईत, म्हणायच्या. संशोधनासाठी आकडे उतरवायचे ते मुलासमोर, त्याला विचारून. उलट त्यांनी बक्षीस ठेवलं होतं. महिन्याचा सगळ्यात खराब आकडा जो खरा खरा सांगेल, त्यानं मॅडमचं बोट टोचायचं.

हे बक्षीस किती मोठं होतं हे ज्याला कधी सुई लागली नाही त्याला समजायचं नाही. आम्ही टोचून घेणारे. सगळं जग आम्हाला टोचणारं. आणि इथं एक मोठ्या डॉक्टरीण बाई खुर्चीत बसून बोट पुढं करायच्या आणि टोचताना खोटं खोटं "अगं माय" म्हणायच्या. आपलाच आकडा सगळ्यात खराब म्हणून आमच्यात भांडणं लागत. रुबिनानं एकदा चारशे सहा सांगून बाजी मारली, आणि आम्ही बाकीचे खरोखर हिरमुसलो.

आणि तरीही मी नववीत खोटी वही लिहिली.

कारण असं होतं. आमच्या गावची शाळा दहावीपर्यंत. पुढं शिकायचं तर बुलढाण्याला होस्टेलात राहावं लागणार, आणि मला शिकायचं होतं. गणितात मी वर्गात पहिली होते. रोज चार वेळा जेवणाचा हिशेब करणाऱ्या पोरीला गणित न येऊन सांगतं कुणाला. पण बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं, दहावी झाली की बस. ते माझ्यावर कधी ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "होस्टेलात तू सकाळी नाई उठली तं तुले कोण उचलीन?" मग मी ठरवलं की वर्षभर वहीत असे आकडे लिहायचे की बाबांना माझी काळजीच वाटू नये. बाबा दर शनिवारी वही उघडून बघायचे. एकशे दहा, एकशे अठरा, एकशे पाच. त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या रविवारी मॅडमनी माझी वही हातात घेतली. वाचली नाही. नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग पानं उन्हाकडे धरून पाहिली. कुठं हळदीचा डाग नाही, रक्ताचा ठिपका नाही, तेलाचं बोट नाही. एक महिना, एक निळा पेन, एकच वळण.

"कोणता पेन होता?" त्यांनी विचारलं.

एवढंच. मला सगळं कळलं आणि त्यांनाही. मी तिथंच रडायला लागले आणि रडता रडता होस्टेल, दहावी, बाबा, शनिवार, सगळं सांगून टाकलं. माझं संपल्यावर मॅडम म्हणाल्या, खरा आकडा सांग. त्या महिन्यातला सगळ्यात मोठा तीनशे एकोणनव्वद होता. त्यांनी सगळ्यांना हाक मारून तो जाहीर केला आणि बोट पुढं केलं. डोळ्यांत पाणी असल्यामुळे मी फार जोरात टोचलं. त्या दिवशीचं "अगं माय" खरं होतं.

पुढच्या आठवड्यात संग्रामपूरच्या बाजारात बाबांच्या भाजीच्या पालासमोर मॅडमची स्कूटर उभी राहिली. बाबा वांगी आणि मिरच्या विकायचे. मॅडमनी आधी किलोभर वांगी घेतली, सवयीनं स्वतःच्या काट्यावर तोलून पाहिली, बरोबर भरली म्हणून बाबांना शाबासकी दिली, आणि मग विषय काढला. बाबांनी त्यांचं ऐकून घेतलं. मग हात जोडून म्हणाले, मॅडम, तुम्ही चिठ्ठी लिहून देता का, की हिला काही होणार नाही? लिहून देत असाल तर पाठवतो.

मॅडम म्हणाल्या, "मी नाई देत. असं कोणीच लिहून देऊ शकत नाई. पोरगीच लिहून देईन."

आणि तिथं भाजीच्या पालासमोर ठरलं. अमडापूरला मॅडमच्या भावाच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं, संशोधनासाठी. रोडगे म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात अवघड जेवण. कणकेचे थरावर थर देऊन वळलेले मोठे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, मग कुस्करून त्यावर तुपाची धार, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. कुणी किती खाल्लं ते खाणाऱ्यालाही सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी पोरगी स्वतः ताट पाहून स्वतः डोस ठरवेल. दोन तासांनी शुगर ठीक आली तर ती होस्टेलात जाईल. नाही आली तर मी पुन्हा तुमच्या पालावर या कामासाठी येणार नाही, वांग्यांसाठी येईन. बाबांनी मान हलवली, आणि जेवणाची वांगी आपण देऊ म्हणाले.

मॅडमचे भाऊ म्हणजे आम्हा सगळ्या मुलांचे मामा. पंचक्रोशीत त्यांच्या हातच्या रोडग्यांचं नाव होतं, शंभर माणसांचा स्वयंपाक एकटे ओढायचे. मॅडम त्यांना आठवडाभर आधीपासून बजावत होत्या की लेकरं शुगरची आहेत, साखरेचा एक दाणा दिसता कामा नये. मामांनी इतकं मनावर घेतलं की त्या दिवशी शेतावर साखरेचा डबाच आणला नाही, आणि मजुरांनाही बिनसाखरेचा चहा प्यावा लागला. मजूर मॅडमकडे रागानं बघत होते.

त्या दिवशीचं शेत मला अजून दिसतं. लिंबाखाली सतरंजी, एका बाजूला आराचा धूर, आम्ही नऊ मुलं, आमचे आईबाप, आणि मधोमध टेबलावर मॅडमचा वजनकाटा. बाबा बांधावर एकटे बसले होते. वांग्याचं पोतं त्यांनी मोटरसायकलवर बांधून आणलं होतं.

ताटं वाढली. मॅडमनी प्रत्येक रोडगा तोलला, वरण मोजून घातलं, भाजी मोजून घातली, आणि कागदावर हिशेब मांडला. त्यांचा नियम असा, की आधी मुलांनी आपल्या मनानं डोस ठरवून तळहातावर पेनानं लिहायचा, मग मॅडमचा हिशेब ऐकायचा. सुई घेतल्यावरच जेवण. स्वतः मॅडम आमचं शेवटचं बोट टोचून होईपर्यंत अन्नाला शिवत नसत.

मी ताटाकडे बघत होते. भूक लागली होती, आणि रोडग्यांचा वास असा की माणूस वेडं होईल. मी बोट भाजीच्या रश्श्यात बुडवलं आणि चाटलं. मग पुन्हा चाटलं. त्या वांग्यांवर मी लहानाची मोठी झाले होते. तिसऱ्यांदा चाटून मी तळहातावर आठ लिहिलं.

मॅडमनी हिशेब वाचला. माझ्यासाठी सहा. त्यांनी माझा हात पाहिला आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मी म्हणाले, "मॅडम, भाजीत गोड हाय."

त्यांनी आराकडे तोंड करून हाक मारली, भाऊ, भाजीत साखर टाकली का? मामांनी गळ्याला हात लावला आणि आईची शपथ घेतली की साखरेचा दाणा नाही. आणि मामा कधी खोटं बोलत नाहीत हे मॅडमना माहीत होतं, आम्हालाही. रुबिना माझ्या कानात म्हणाली, "मीठा तो लग रहा, पण मॅडमच्या काट्यासमोर कोण बोलन?" तिनं आपल्या हातावर मॅडमचाच आकडा लिहिला होता. बाकीच्यांनीही तेच केलं.

आता सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बाबा बांधावरून उठून उभे राहिले होते. भाजीत गोड नसेल आणि मी दोन युनिट जास्त घेतले, तर तासाभरात माझे हात थरथरणार, घाम येणार, मी कदाचित बाबांच्या डोळ्यांदेखत आडवी होणार. मग होस्टेल संपलं. सहा घेतले आणि भाजीत गोड असलं, तर शुगर चढणार. तरी होस्टेल संपलं. मॅडमचा आकडा घेऊन चुकले असते तर निदान चूक त्यांची झाली असती. पण माझ्या जिभेला जे कळलं ते कळलं होतं.

मी म्हणाले, आठच.

वर्षानुवर्षं आम्हाला शिकवलेलं जिभेचं आणि काट्याचं वाक्य मॅडमच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. ते त्यांनी गिळलं. "हात तुझा, पोट तुझं, डोस तुझा," त्या म्हणाल्या, आणि साखरेची पुडी मुठीत धरून माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या. पुडी त्यांच्या पर्समधली, अडीनडीची. त्या शेतावर तेवढीच साखर होती.

ते दोन तास मी कधी विसरणार नाही. रोडगे इतके चांगले झाले होते आणि मला त्यांची चव लागत नव्हती. अर्ध्या तासानं बोट टोचलं, मग तासानं, मग दीड तासानं. दर वेळी माझा आकडा वाचताना मॅडमची मूठ घट्ट व्हायची. बाबा येऊन माझ्यामागं उभे राहिले होते, मला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

दोन तास झाले. रुबिनाची दोनशे एकावन्न. तिच्या शेजारच्याची दोनशे सत्तर. एकेक करून आठही मुलं अडीचशेच्या आसपास. मग माझं बोट.

एकशे अडतीस.

मॅडमनी तो आकडा दोनदा वाचला. मग त्या उठल्या आणि तरातरा चुलीकडे गेल्या. मामा भांड्यामागं उभे होते. भाऊ, खरं सांग, काय टाकलं? मामा म्हणाले, साखर नाही. मग म्हणाले, लेकरांना तिखट लागलं असतं, सकाळी चाखायला दिलं तर एकाला ठसका लागला. मग? मॅडमनी विचारलं.

"मंग गूळ टाकला थोडा," मामा म्हणाले. "तू साखर नाई म्हणली होती. गुळाचं कुठं म्हणली? गूळ तं औषधात पडते."

थोडा म्हणजे किती, ते मामांनी दोन्ही हातांनी दाखवलं. मॅडम त्या हातांकडे पाहत राहिल्या. मला वाटलं आता आग लागते. पण त्यांचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि त्या तिथंच बांधावर बसून हसायला लागल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या. आयुष्य घालवून केलेल्या तक्त्यात त्यांनी साखर लिहिली होती, मध लिहिला होता, आणि स्वतःच्या सख्ख्या भावाला गूळ सांगायचा राहून गेला होता. आठही मुलांना त्यांनी स्वतः हिशेब करून वरचा डोस दिला, पाणी पाजलं, आणि सगळ्यांची शुगर उतरेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही.

मग त्या सतरंजीवर येऊन बसल्या आणि दोन्ही हात पुढं केले. "आज मी हारली. सगळ्यात खराब आकडा माहा हाय. या."

नऊ मुलं आणि दहा बोटं. प्रत्येकाला नवी सुई देऊन त्यांनी नऊ वेळा टोचून घेतलं, नऊ वेळा "अगं माय" म्हणाल्या, आणि एक जास्तीचं बोट मामांनी मागितलं तेव्हा त्यांना हाकलून दिलं. मग कुठं त्या जेवल्या. तीन रोडगे खाल्ले, न तोलता. त्यांच्या संशोधनाच्या रजिस्टरमध्ये त्या दिवसाचं पान मी नंतर पाहिलं. त्यावर भाजीचा डाग आहे, आणि वर लाल शाईनं लिहिलंय, हिशेब चुकला, माझा, पोरीचा बरोबर.

परतीच्या वाटेवर खामगावला चहासाठी थांबलो तेव्हा बाबांनी विचारलं, तुला कसं कळलं? मी म्हणाले, "आपली वांगी हायत बाबा. मले माहीत नाई का?" त्यांनी बिनसाखरेचा कप माझ्याकडे सरकवला. मग गाडी सुरू करताना, रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं की होस्टेलात जेवण कसं असतं, भाकरी मिळते की पोळी. मी मागं बसून हसत होते आणि रडतही होते, आणि वारा असल्यामुळे दोन्ही त्यांना ऐकू गेलं नाही.

मी शिकले. आज मी आहारतज्ज्ञ आहे, आणि मॅडमचा तक्ता घेऊन त्याच जिल्ह्यात हिंडते. भाकऱ्या तोलते, आयांची नाराजी घेते. दुसरा रविवार अजून चालू आहे. आता तो मी घेते, आणि बोट माझं असतं. तक्त्याच्या पहिल्या पानावर गुळाला चौकट आहे.

मॅडम आता अमडापूरला भावाकडे राहतात. वय झालं, गुडघे गेले, आणि गेल्या वर्षी त्यांनाही शुगर निघाली. म्हाताऱ्या माणसांची, साधी. गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. मामांनी चहा दिला, तासाभराच्या गप्पांत तो कधी संपला मला कळलंच नाही. मॅडमनी मोठ्या ऐटीत आपली वही माझ्यापुढं टाकली आणि म्हणाल्या की येत्या रविवारी खामगावला यायचं म्हणते, आकडे पाहा, अगदी ठीक आहेत. एकशे दहा, एकशे बारा, एकशे आठ.

मी वही नाकाजवळ नेली. मग पानं उन्हाकडे धरली. मॅडम खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

"कोणता पेन होता?" मी विचारलं.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आकडे वाईट दिसले तं भाऊ मले लेकराईकडे येऊ देणार नाई."

चाळीस वर्षं मुलांची भीती घालवणारी ही बाई, आणि तिला तीच भीती. मी म्हणाले, खरा आकडा सांगा. दोनशे सत्त्याऐंशी, त्या म्हणाल्या, मंगळवारी, कचोरीनंतर. मी माझं बोट पुढं केलं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला, करंगळीशेजारचं बोट निवडलं, टोक सोडून कडेला, आम्हाला शिकवलं होतं तसंच टोचलं. मी "अगं माय" म्हणाले. त्यांनी थेंब पट्टीवर घेतला, आकडा आला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

दोनशे चौदा.

मी आमच्या दोघींच्या मधे ठेवलेल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं. मॅडमनीही पाहिलं. मग त्यांनी, गुडघे गेलेल्या त्या बाईनं, सबंध आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, भाऊ, हिच्या चहात काय टाकलं?

"साखर नाई टाकली वं बाई," आतून मामांचा आवाज आला.

त्या रविवारी मॅडम खामगावला आल्या. मामाच त्यांना रिक्षानं घेऊन आले आणि दिवसभर दारात खुर्ची टाकून बसले. वजनकाटा मॅडमच्या मांडीवर होता.